निवृत्तीनंतरचा परदेश

निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहणाऱ्यांचे जगात दोन प्रवाह आहेत आणि ते उलट दिशांनी वाहतात. ब्रिटनमधला पेन्शनर स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेतो, अमेरिकेतला मेक्सिकोत जातो, जपानमधला थायलंडात. ही माणसे महाग देशातून स्वस्त देशात जातात. घरची पेन्शन परक्या बाजारात जास्त पुरते म्हणूनच जातात. महाराष्ट्रातून निघणारे जोडपे नेमके याच्या उलट करते. रुपयांत साठवलेली पुंजी घेऊन ते डॉलर-पौंडांच्या देशात जाते, आणि देशाची निवडही त्याची नसते. मुलाने किंवा मुलीने पंधरा-वीस वर्षांपूर्वी एमएस करायला अथवा कंपनीच्या प्रोजेक्टवर जाताना ती करून टाकलेली असते. परदेशातल्या निवृत्तीवरची इंग्रजी पुस्तके म्हणूनच इकडच्या वाचकाच्या फारशी कामाची नाहीत. त्यांतला हिशेब उलटा मांडावा लागतो आणि तो मांडताना व्हिसाच्याही आधी दवाखाना धरावा लागतो.

राहण्याचे प्रकार ढोबळमानाने तीन: पाहुणे म्हणून, लांबच्या मुक्कामाला आणि कायमचे. बहुतेक घरांत पहिल्यापासूनच सुरुवात होते. बाळंतपणासाठी गेलेली आई सहा महिने राहते, पुढच्या खेपेला वडीलही जातात आणि हळूहळू ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ असा शिरस्ता पडतो. अमेरिकेच्या पाहुणा व्हिसाबाबत एक गैरसमज मात्र वारंवार आढळतो. पासपोर्टवर व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती राहायचे हे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात. आय-९४ नावाच्या नोंदीत जी तारीख पडते तीच खरी, आणि ती उलटून गेली तर तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो.

कायमचे जायचे तर अमेरिकेचा नियम एका बाजूने सोपा आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि तिचे वय किमान २१ असेल, तर आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जांसारखी दशकभराची रांग लागत नाही. मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल, तर मात्र तो आईवडिलांना बोलावू शकत नाही. आधी त्याला नागरिकत्व घ्यावे लागते. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळण्यासाठी भारतीयांची रांग इतकी लांब आहे की मुलगा नागरिक होईपर्यंत आईवडिलांनी सत्तरी गाठलेली असते. अर्जासोबत मुलाने आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र द्यायचे असते. त्यासाठी त्याचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागते, आणि या हिशेबात आईवडीलही घरातली माणसे म्हणून मोजले जातात.

ग्रीन कार्ड घेऊन फसलेली घरे कमी नाहीत. ‘दरवेळी व्हिसाची कटकट नको’ म्हणून कार्ड काढले जाते आणि मग वर्षातले आठ-नऊ महिने मुक्काम पुण्यातच राहतो. कायद्याच्या दृष्टीने हे कार्ड येण्याजाण्याची सोय नसून तिथे कायम राहण्याचा परवाना आहे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेल्या माणसाला परतताना प्रश्न विचारले जातात. वर्ष उलटले तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. फेरप्रवेशाचा दोन वर्षांचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. शिवाय कार्ड हाती पडताच जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेचा कर लागू होतो, त्याचा तपशील पुढे येईलच. ज्यांना मनातून सहा महिने इकडेच काढायचे आहेत, त्यांच्यासाठी पाहुणा व्हिसा हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कॅनडाने मधला रस्ता काढला आहे. २०११ साली सुरू झालेल्या सुपर व्हिसावर आईवडिलांना आणि आजी-आजोबांना जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षे राहता येते. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळतो. मुख्य अटी दोन: मुलाचे किमान उत्पन्न, आणि निदान वर्षभराचा, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा. कायम वास्तव्याचा निराळा मार्गही आहे, पण तिथे नशिबाचा भाग मोठा. इच्छुकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावे काढली जात आली आहेत आणि मुलाला क्वेबेकखेरीज इतर प्रांतांत वीस वर्षांची आर्थिक हमी द्यावी लागते.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब सगळ्यांत रोखठोक. आईवडिलांनी कायमचे यायचे असेल, तर निम्मी मुले तिथे स्थायिक हवीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुले हवीत. दोन मुलांपैकी एक मेलबर्नला आणि एक पुण्याला असेल, तर अट पुरी होते. तिघांपैकी एकेक सिडनी, पुणे आणि डॅलसला असेल, तर होत नाही. त्यानंतर दोन दारे. एका दाराशी माणशी पन्नास हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात शुल्क आणि तरीही दशकाहून लांब रांग. दुसरे दार स्वस्त आहे, पण तिथली अंदाजे प्रतीक्षा सरकारी खातेच तीस वर्षांच्या आसपास सांगते. पासष्टीच्या अर्जदाराला असे सांगणे म्हणजे सभ्य शब्दांत दिलेला नकारच. म्हणून २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा देतात. त्यावर एकूण दहा वर्षांपर्यंत राहता येते.

ब्रिटनने हे दार जवळजवळ बंदच केले आहे. स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या निवृत्तांसाठीचा तिथला गट २००८ साली बंद झाला. जुलै २०१२ पासूनच्या नियमांनुसार आईवडिलांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत मायदेशात पैसे मोजूनही मिळत नाही हे सिद्ध झाले पाहिजे. मावशी आणि ब्युरोचे परिचारक मिळणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या माणसाला हे सिद्ध करणे किती अवघड, ते सांगायला नको. मुलगा लंडनला असेल, तर सहा महिन्यांचा पाहुणा व्हिसा हाच व्यवहारातला पर्याय उरतो.

मुलांशी संबंध नसलेले मार्गही आहेत आणि आपला खर्च स्वतःच उचलू शकणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. दुबईत वयाच्या ५५ नंतर पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा मिळतो. त्यासाठी १० लाख दिरहमचे घर, तेवढीच बचत किंवा दरमहा ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते. मुंबईहून तीन तासांचे विमान, वाण्याकडे मिळणारे सगळे जिन्नस आणि वैयक्तिक प्राप्तिकर नाही, ही दुबईची जमेची बाजू. उन्हाळा आणि घरभाडे ही खर्चाची. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्यांना वर्षावर्षाची मुदत देतो. त्यासाठी बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाटचे उत्पन्न लागते, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना एके काळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात होती. २०२४ च्या नव्या नियमांत मुख्य गटांतल्या सर्वांत खालच्या पायरीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव आणि घरखरेदी लागते. मॉरिशस पन्नाशीनंतर ठरावीक रक्कम दरमहा आणणाऱ्यांना राहू देतो. ब्रिटिश अमदानीत गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, तरी निवृत्तीसाठी त्या बेटाचा विचार करणारा मराठी माणूस विरळाच.

गोव्याची गोष्ट वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथले नागरिकत्व नोंदवता येते. हजारो गोवेकरांनी ते नोंदवले, पण राहायला गेले बहुतेक इंग्लंडात. ब्रेक्झिटनंतर ती वाट बंद झाली आणि आता निवृत्तीसाठी खुद्द पोर्तुगालचा विचार होऊ लागला आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेताच भारतीय नागरिकत्व संपते. मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही.

आता दवाखाना. साठीनंतरच्या माणसाला रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, गुडघे यांपैकी एखादे दुखणे असतेच आणि परदेशी वास्तव्याचा सारा आराखडा त्या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा कोसळतो. पाहुण्यांसाठीचा विमा स्वस्त वाटतो, कारण पूर्वीपासूनचे आजार त्यात बहुधा धरलेलेच नसतात. फार तर त्या आजाराचा अचानक उसळलेला झटका धरतात, तोही ठरावीक रकमेपर्यंत आणि ठरावीक वयापर्यंत. जुना हृदयविकार असलेल्या माणसाला असा विमा काढून निर्धास्त होता येत नाही. पॉलिसी घेताना ‘किती लाखांची’ हे विचारण्याआधी ‘कशाला लागू नाही’ हे विचारावे.

ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे मेडिकेअर मिळाली, असेही नाही. ही अमेरिकेची ६५ वर्षांवरील लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना. तिथे काम करून ठरावीक काळ कर भरलेल्यांना तिचा रुग्णालयाचा भाग फुकट असतो. ज्याने तिथे कधी कामच केले नाही, त्याला सलग पाच वर्षे कायम रहिवासी म्हणून काढल्यावर ती विकत घेता येते. मुलाने वीस वर्षे कर भरला, याचा आईवडिलांना इथे उपयोग नाही. २०२५ मध्ये रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला चौदाशे डॉलर, रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. त्याआधीच्या पाच वर्षांत खाजगी विमा काढावा लागतो. जुन्या आजाराच्या कारणावरून २०१४ पासून तो नाकारता येत नाही ही जमेची गोष्ट, पण वृद्धांना तरुणांच्या तिपटीपर्यंत हप्ता आकारता येतो. मेडिकेअरमध्येही नेहमीचे दंतोपचार, चष्मा आणि श्रवणयंत्र साधारणपणे बसत नाहीत, आणि अमेरिकेबाहेर, म्हणजे पुण्याला परत आल्यावर, ती चालतही नाही. दाताची कामे इकडेच उरकून जाण्याची रीत पडली आहे, ती यामुळेच.

सगळ्यांत मोठा खर्च आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवणे-बसवणे, अंघोळ, जेवण, रात्रीची सोबत या कामांचे पैसे मेडिकेअर देत नाही. शुश्रूषागृहाचा महिन्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. मुलगा-सून दोघेही नोकरीला, घराचा जिना आतून आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर, अशा घरात स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना दिवसभर कोण पाहणार, हा प्रश्न व्हिसाच्या कोणत्याही अर्जावर विचारलेला नसतो. महाराष्ट्रातल्या शहरांत बारा तासांची बाई, फिजिओथेरपीला घरी येणारा माणूस, हाकेवरचे डॉक्टर अजून मिळतात. हात-पाय चालते असतानाचा परदेश आणि न चालतानाचा परदेश यांत असे जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि नियोजन दुसऱ्यासाठी करायचे असते.

म्हणून भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बंद करू नये, मग तिकडे कितीही चांगला विमा असो. हप्ता वाया जातोय असे वाटून ती सोडली आणि चार वर्षांनी परत यावे लागले, तर नवी पॉलिसी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पूर्वीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ नव्याने लागू शकतो आणि तो नेमका सत्तरीत लागतो.

औषधांचेही थोडे. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे, कारण भारतातली ब्रँडची नावे तिकडच्या औषधवाल्याला ठाऊक नसतात. साधे पॅरासिटामॉलदेखील अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून विकले जाते. दुबईला जाताना कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे खिशात असतील तर ती तिथे नियंत्रित यादीत आहेत, आणि कागदपत्रांशिवाय नेली तर अटकेपर्यंत वेळ येऊ शकते.

पैशाच्या हिशेबात पहिला शत्रू विनिमय दर. २००५ साली डॉलर सुमारे ४४ रुपयांना होता, तेव्हा ५०,००० रुपयांच्या पेन्शनचे अकराशेहून अधिक डॉलर होत. २०२५ मध्ये त्याच पन्नास हजारांचे सहाशेही होत नाहीत. सरकारी पेन्शनवर महागाई भत्ता वाढतो हे खरे, पण तो मोजला जातो भारतातल्या महागाईवरून. एलआयसीची ॲन्युइटी किंवा ईपीएफओची पेन्शन तर बहुधा जागच्या जागीच राहते. रुपयांतल्या पेन्शनवर डॉलरांत घर चालवता येईल असे गृहीत धरणे धोक्याचे. बहुतेक घरांत प्रत्यक्षात मुलगाच खर्च करतो आणि आईवडिलांची पेन्शन इकडे साचत राहते. ज्या माणसाने तीस वर्षे स्वतःचे घर चालवले, त्याला दाढीच्या ब्लेडसाठीही मुलाच्या कार्डाकडे पाहावे लागते. हा प्रश्न पैशाचा नसून मानाचा आहे. थोडी रक्कम तिकडच्या स्वतःच्या खात्यात आधीच ठेवली, तर तो बराच सुटतो. भारतातल्या निवासी माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मात्र १० लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर बँक आगाऊ कर कापून घेते, जो पुढे विवरणपत्रात जमा धरता येतो.

पेन्शन चालू राहण्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. आधारवर चालणाऱ्या ‘जीवन प्रमाण’ सेवेने तो बराच सोपा झाला आहे. परदेशात भारतीय दूतावासाचा अधिकारी किंवा नोटरीही सही देऊ शकतो. दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते, आणि मग सत्तरीच्या माणसाला आपण जिवंत असल्याचा पत्रव्यवहार करत बसावे लागते. याहून क्षुल्लक वाटणारी पण रोज नडणारी गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. बँक, आधार, प्राप्तिकर सगळ्यांचा ओटीपी त्याच भारतीय नंबरावर येतो. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत कंपनी तो नंबर बंद करून दुसऱ्याला देऊन टाकते. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असलेले सिम चालू ठेवण्याचा वर्षाचा खर्च हा साऱ्या नियोजनातला सर्वांत स्वस्त विमा होय.

निवासी कोण आणि अनिवासी कोण, हे दोन कायदे दोन रीतींनी ठरवतात. परकीय चलनाचा कायदा हेतू पाहतो: मुलाकडे कायम राहायला म्हणून माणूस विमानात बसला की तो अनिवासी. त्याचे बचत खाते मग अनिवासींसाठीचे एनआरओ खाते व्हायला हवे, आणि नवी पीपीएफ किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्याला उघडता येत नाही. प्राप्तिकर मात्र भारतात काढलेले दिवस मोजतो. साधारण नियम वर्षात १८२ दिवसांचा, पण भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांनीही गाडी वेगळ्या रुळावर जाते. अनिवासी झाल्यावर काही सवलती सुटतात. जुन्या करपद्धतीतली ज्येष्ठांची वाढीव करमुक्त मर्यादा फक्त निवासींना आहे. कमी उत्पन्नावरची करसूट आणि ठेवींच्या व्याजावरची ज्येष्ठांची खास वजावटही तशीच. एनआरओ खात्यावरच्या व्याजातून बँक थेट ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापते.

तिकडची बाजू अमेरिकेच्या बाबतीत जास्त किचकट आहे. ग्रीन कार्डधारकाला पुण्यातल्या ठेवींचे व्याज, भाडे, शेअर सगळे अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतात भरलेला कर वजा होतो, पण दाखवणे चुकत नाही. पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी तिथला कायदा ती सवलत मानत नाही. भारतीय म्युच्युअल फंडांवर तर तिथे इतके जाचक नियम आहेत की जाणकार सल्लागार जाण्यापूर्वीच ते विकून टाकायला सांगतात. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी त्या सर्व खात्यांची माहिती द्यावी लागते. साधारण नऊ लाख रुपये. निवृत्त जोडप्याच्या ठेवी याहून जास्त असतातच. आईवडिलांच्या ठेवींवर दुसरे नाव अमेरिकेतल्या मुलाचे असेल, तर त्यानेही ती खाती कळवायची असतात, हे अनेक मुलांना माहीतच नसते.

राहते घर ठेवायचे की विकायचे, यावर घरोघरी वाद होतात. निदान दोन हिवाळे तिकडे काढल्याखेरीज घर विकू नये. विकायचेच ठरले, तर क्रम महत्त्वाचा. निवासी असताना पन्नास लाखांवरच्या घराच्या विक्रीत ग्राहक एक टक्का कर कापतो. अनिवासी झाल्यावर हेच गणित पालटते: कर नफ्यावर असला, तरी कपात सहसा पूर्ण किमतीवर होते. समजा कोथरूडमधला फ्लॅट एक कोटीला गेला आणि नफा चाळीस लाख. खरा कर साडेबारा टक्क्यांनी, उपकरासह, सुमारे ५ लाख २० हजार. ग्राहक मात्र एक कोटीवर अधिभार-उपकर धरून चौदा लाखांहून अधिक कापून सरकारजमा करतो. उरलेले पैसे परताव्यात मिळतात, पण ते हाती येईपर्यंत विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच घेतला तर हे टळते. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाईचा निर्देशांक लावून कर काढण्याचा पर्याय निवासींनाच आहे. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. सीएच्या प्रमाणपत्राशिवाय बँक ते सोडत नाही.

घर ठेवले तर ते भाड्याने देता येते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. घरमालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापायचा असतो, आणि भाडेकरू हे ऐकून दुसरे घर बघायला लागतात. रिकामे ठेवले तर सोसायटीचे शुल्क, मालमत्ता कर, पावसाळ्यात गळणारी भिंत आणि वरच्या मजल्यावरून झिरपणारे पाणी यांची दखल घेणारे माणूस हवे. त्यासाठी भाच्याला किंवा विश्वासू शेजाऱ्याला कुलमुखत्यारपत्र द्यावे, आणि ते निघण्यापूर्वी इथेच करावे. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर दूतावासाचा किंवा अपॉस्टिलचा शिक्का लागतो आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो.

रोजच्या जगण्याबद्दल नियम सांगता येत नाहीत, पण काही गोष्टी सगळ्याच घरांत दिसतात. अमेरिकेच्या उपनगरात गाडी चालवता न येणारा माणूस घरात अडकतो. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या, दुकाने आणि देऊळ पायी गाठता येईल अशा भागात राहणाऱ्या मुलांचे आईवडील जास्त टिकतात. नातवंडे लहान असेपर्यंत आजी-आजोबांना दिवस पुरत नाही. ती शाळेत जाऊ लागली की सकाळी आठ ते दुपारी तीन घर सुने होते, आणि दहा वर्षांची झाली की त्यांचे मराठी आटू लागते. मुलाची नोकरी बदलली तर सगळे बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलते आणि आजी-आजोबांनी जमवलेली चार माणसे मागे राहतात. महाराष्ट्र मंडळे इथे उपयोगी पडतात. लंडनचे मंडळ १९३२ पासूनचे आहे, तर उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ ची. पण मंडळाचा कार्यक्रम महिन्यातून एकदा आणि तोही पंचवीस मैलांवर. मंगळवारी दुपारी कोणाशी बोलायचे, याची सोय ज्याची त्यानेच लावावी लागते. चालत जाण्याजोगे सार्वजनिक वाचनालय असणे हे या वयात भल्या मोठ्या घरापेक्षा मोलाचे ठरते.

मृत्युपत्र दोन देशांच्या दृष्टीने करावे लागते. भारतातल्या मालमत्तेसाठी इथल्या साक्षीदारांसमोर केलेले आणि नोंदवलेले स्वतंत्र मृत्युपत्र असलेले बरे. दुसऱ्या देशात दुसरे करताना ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठराविक वाक्य त्यात येऊ देऊ नये, नाहीतर पहिले बाद होते. फ्लॅट, ठेवी आणि डीमॅट खात्यांवरचे नामनिर्देशन निघण्यापूर्वी तपासावे. परदेशात मृत्यू झाला तर तिकडची अंत्यसंस्काराची पद्धत वेगळी असते. विधी त्याच दिवशी होत नाही. कागदपत्रे आणि दहनगृहाची वेळ मिळेपर्यंत काही दिवस जातात. त्या खर्चाचे किंवा मृतदेह मायदेशी पाठवण्याचे कलम विम्यात आहे की नाही, हे पॉलिसी घेतानाच पाहावे.

परत येण्याची तजवीजही याच आराखड्याचा भाग आहे, कारण जोडीदार गेल्यावर किंवा शुश्रूषेची वेळ आल्यावर बरेच जण परततात. कायमचे परतल्यावर एनआरओ खाती पुन्हा निवासी करावी लागतात. तिकडचे पैसे परकीय चलनातच ठेवायचे असतील, तर परतलेल्यांसाठी आरएफसी खाते उघडता येते. पुरेशी वर्षे बाहेर काढलेल्यांना परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा भारतात कर लागत नाही. ग्रीन कार्ड नुसते कपाटात ठेवून देणे पुरत नाही, कारण ते रीतसर परत केल्याखेरीज अमेरिकेच्या करखात्याच्या नजरेत माणूस तिथलाच राहतो. गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षांत कार्ड हाती असेल आणि मालमत्ता २० लाख डॉलरच्या घरात असेल, तर परत करतानाही कर लागू शकतो. मुंबईत दोन फ्लॅट असलेल्यांना ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही. अशा घरांनी कार्ड परत करण्याचा निर्णय आठवे वर्ष लागण्यापूर्वीच घ्यावा.